गळ्याच्या लेपात माझे ३८ हजार गेले, तुमचे जाऊ देऊ नका

पारलिंगी बायकांच्या फोनवर सध्या एक जाहिरात फिरते आहे: "कंठमणी ४५ दिवसांत गायब. ऑपरेशन नाही, चीर नाही, दुखणं नाही." बाजूला गळ्याचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा, आणि खाली नुसता व्हॉट्सॲप नंबर. यात माझे ३८ हजार रुपये गेले. माझ्या ओळखीच्या आणखी दोघी अशाच फसल्या, एकीने तर त्यासाठी कानातलं मोडलं. जिथे हे झालं त्या दवाखान्याचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार दिलेली आहे, पुढचं पोलीस बघतील. तशीही अशी पाटी एका रात्रीत उतरते आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने लागते. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून ती सविस्तर सांगते.

आम्ही अशा जाहिरातीकडे का वळतो हे आधी समजून घ्या. "एवढ्याशा उंचवट्याचं काय घेऊन बसलीस," असं म्हणणारे भेटतात. चांगल्या मनानेच म्हणतात, पण त्यांना कुणी गळ्यावरून पारखत नाही. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडतीवर हिशेब लिहिते. हळदीचे सौदे चालू असले की शेतकरी, हमाल, व्यापारी यांची दिवसभर ये-जा असते. नवा माणूस मालाच्या हिशेबाची पट्टी घ्यायला येतो, चेहरा बघतो, आणि मी बोलायला लागले की त्याची नजर गळ्यावर येऊन अडकते. बोलताना, आवंढा गिळताना कंठमणी वरखाली होतो, तो झाकून झाकला जात नाही. मग त्या माणसाचा सूरच बदलतो. "ओ ताई" म्हणणारा "ओ भाऊ" म्हणतो, कुणी शेजारच्याला कोपराने खुणावतो. आमच्या भागात माझ्यासारखी कुणी दिसली की लोक यल्लम्मादेवीला वाहिलेला जोगता समजून एक तर पाया पडतात, नाही तर टिंगल करतात. साधं माणूस म्हणून बोलणारे कमी. एप्रिलच्या उकाड्यात सुद्धा मी बंद गळ्याचं ब्लाऊज आणि वर ओढणी घेऊन बसायची. हनुवटी खाली घालून बोलायची इतकी सवय लागली की मान आखडायची.

हार्मोन सुरू केल्यावर कातडी मऊ झाली, अंगावर चरबी वेगळ्या जागी बसायला लागली. कंठमणी जागचा हलला नाही, आणि तो हलणारही नव्हता. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला एक मोठी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) असते, तिचं टोक म्हणजे कंठमणी. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे ही कूर्चा वाढते आणि तिच्या दोन पाकळ्या पुढे जास्त टोकदार कोनात जुळतात. पुरुषांमध्ये हा कोन साधारण ९० अंशांचा, बायकांमध्ये साधारण १२० अंशांचा. एकदा वाढलेली कूर्चा इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनने मागे जात नाही. उलट वय वाढतं तसं तिचं हळूहळू हाड व्हायला लागतं. वरून लावलेला लेप कातडी ओलांडून तिथे पोचून तिला वितळवेल, असं औषध जगात नाही.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून लोक इथे उपचाराला येतात. गल्लोगल्ली पाट्या आहेत, त्यांत एक खोटी पाटी सहज खपून जाते. ही जागा वरच्या मजल्यावर होती. पाटीवर नावाआधी "डॉ." आणि नावापुढे पदव्यांची लांबलचक रांग, पण नोंदणी क्रमांक कुठेही नाही. खऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतोच, चिठ्ठीवर छापलेलाही असतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधता येतं, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या वेगळ्या परिषदा आहेत.

आत पाऊल टाकल्याबरोबर समोरची मुलगी म्हणाली, "या ताई, बसा. पाणी घेता?" तिने कागदावर माझं आताचं नाव लिहिलं, जुनं विचारलं नाही. आतला माणूस पन्नाशीचा, अंगात पांढरा कोट. तो म्हणाला, "बाळ, घाबरू नकोस, तू आता माझी मुलगी." सरकारी कचेरीत, बँकेत, नातेवाइकांत ज्या दोन शब्दांसाठी आम्ही वर्षानुवर्षं थांबतो, ते तिथे दारातच मिळत होते. त्या माणसाला आमचं दुखणं नेमकं कुठे आहे ते ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. पैशाचा नंतर.

आता फोटोंची युक्ती. पहिल्या दिवशी मला खिडकीजवळ उभं केलं, उजेड एका बाजूने. "मान वर, अजून वर, छताकडे बघा." मान मागे टाकली की गळ्याची कातडी ताणली जाते, कंठमणी पुढे येतो आणि बाजूच्या उजेडात त्याची सावली पडते. तो "आधी"चा फोटो. काही आठवड्यांनी दुसरा फोटो काढला तो ट्यूबलाइटखाली, समोरून, हनुवटी किंचित आत घेऊन. कंठमणी जवळजवळ दिसेना. दोन्ही फोटो शेजारी ठेवून त्याने मला दाखवले आणि मलाही फरक दिसला. घरी आरशासमोर हे दोन्ही करून बघा, मिनिटभरात तुमचाही गळा "बरा" होईल. जाहिरातीतले सगळे फोटो असेच आहेत. दोन फोटोंत हनुवटीची उंची आणि सावलीची बाजू सारखी आहे का, एवढंच तपासा.

लेप प्लॅस्टिकच्या पांढऱ्या डबीत होता. कापराचा वास, पिवळसर रंग. चिकटवलेल्या कागदावर "शुद्ध वनौषधी" एवढंच. औषध आयुर्वेदिक असलं तरी त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापावी लागते. त्या डबीवर यातलं काहीच नव्हतं. लावल्यावर पहिल्या दिवसांत कातडी गुळगुळीत आणि उजळ दिसायला लागली, त्यामुळे विश्वास बसला. "तुमच्या हार्मोनच्या डॉक्टरांना सांगू नका, ते उगाच चिडतात," असंही बजावलं होतं. जो उपचार दुसऱ्या डॉक्टरपासून लपवायला सांगतात तिथून त्याच पावली बाहेर पडा.

मग "दाबणी" सुरू झाली. तो अंगठ्याने गळ्याच्या दोन्ही बाजूंनी दाबून कंठमणी आत बसवायचा म्हणे. एकदा दाबता दाबता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, खुर्चीवरून घसरता घसरता वाचले. तो म्हणाला, "अडलेली ऊर्जा मोकळी होते आहे." प्रत्यक्षात गळ्याच्या बाजूच्या रोहिणीत रक्तदाब सांभाळणारी एक संवेदनशील जागा असते. ती दाबली गेली की हृदयाचे ठोके मंदावतात, दाब उतरतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो. कुणालाही तुमचा गळा असा दाबू देऊ नका, ओळखीच्या मालिशवाल्यालाही नाही.

पैसे कधी एकरकमी मागितले नाहीत. नोंदणीचे ५००. मग कोर्सचे १८ हजार. मग "वरचा थर विरघळला, आता खोलवरचा" म्हणून १२ हजार. शेवटी इंजेक्शनचे आगाऊ साडेसात हजार. दर वेळी क्यूआर कोड वेगळा आणि पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं. पावती एकदाही नाही. इंजेक्शन मी घेतलं नाही. हनुवटीखालची चरबी कमी करायचं एक इंजेक्शन खरोखर असतं, पण ते चरबीच्या पेशींवर काम करतं, कूर्चेवर नाही. चुकीच्या जागी टोचलं तर जबड्याजवळची नस दुखावून ओठ वाकडा होऊ शकतो. अनोळखी बाटलीतलं काय असेल ते तर देवालाच माहीत.

इंजेक्शनला नाही म्हणून पैसे परत मागितले, त्या रात्री माझेच फोटो मला पाठवले गेले. सोबत आधार कार्डाची प्रत, तिच्यावर माझं जुनं नाव, आणि एक ओळ: "हे तुमच्या अडतीवर पाठवू का?" बाळ नाही, मुलगी नाही. कार्ड त्यांनी "नोंदणीला लागतं" म्हणून घेतलं होतं. त्यांची सगळी भिस्त यावरच असते. आमच्यातल्या कितीतरी जणी घरी अर्धवट सांगून, कामावर काहीच न सांगता जगतात. त्या ओरडणार नाहीत, हे धरूनच दर ठरलेले असतात.

माझ्या बाबतीत अडतीच्या मालकांना आणि आईला माहीत होतं, म्हणून मी उभी राहू शकले. आमच्यातल्या एक मोठ्या ताई सोबत आल्या. पोलिसांत देताना सगळे संदेश, फोटो, व्यवहारांचे क्रमांक आणि बँकेचं विवरण छापून नेलं. संदेश पुसू नका, कितीही किळस आली तरी. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं आणि धमकी देऊन पैसे उकळण्याला ३०८. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत कळलं तर ते खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. डबी मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिली. औषधाबद्दल खोटा दावा करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळाच आहे: दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. माझे पैसे अजून आलेले नाहीत. फोटो पाठवायच्या धमक्या मात्र तक्रार दिल्यावर थांबल्या.

गळ्याची कातडी पातळ झाली होती, बारीक लाल शिरा दिसायला लागल्या होत्या, आणि कंठमणी पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसत होता. ते दाखवायला मिरजेच्याच एका कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंकडे गेले. डबी बघून त्या म्हणाल्या, "यात जोरकस स्टेरॉइड असणार. आधी उजळ दिसतं, मग कातडी झिजते." असली मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. त्वचारोग तज्ज्ञांच्या देखरेखीत माझं ते आता सुधारतं आहे.

त्याच बाईंनी केसपेपरच्या मागे पेनाने स्वरयंत्र काढून मला समजावलं. कंठमणी कमी करायचा खरा उपाय शस्त्रक्रिया आहे, १९७५ पासून वैद्यकीय लेखनात तिची नोंद आहे. कूर्चेचं पुढे आलेलं टोक तासतात. पण त्याच कूर्चेच्या आतल्या बाजूला, मध्याच्या आसपास, स्वरतंतू चिकटलेले असतात. हाव करून जास्त खाली तासलं तर त्यांचा आधार सुटतो, आवाज घोगरा आणि जाड होतो, म्हणजे ज्यासाठी गेलो त्याच्या उलट. म्हणून सर्जनला विचारा: स्वरतंतू कुठे चिकटले आहेत ते शस्त्रक्रियेच्या वेळी दुर्बिणीने बघून खूण करणार का? किती तासता येईल आणि कुठे थांबणार? चीर हनुवटीखालच्या घडीत घेणार की थेट कंठमण्यावर? अशा किती केल्या आहेत? या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही, बाई तर म्हणाल्या, "विचारलंच पाहिजे." काही दिवस गिळताना दुखतं, आवाज बसतो, बहुतेकींचा पूर्ववत होतो. शस्त्रक्रियेने आवाज बारीक मात्र होत नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे वेगळी मेहनत लागते, आणि माझ्या अनुभवात सूर बदलला की लोकांची नजर गळ्याकडे कमी जाते.

मी अजून ठरवलेलं नाही. पैसे साठवायला पुन्हा सुरुवात केली आहे. तोवर गळ्यालगतची साखळी घालत नाही, तिने नजर तिथेच जाते. लांब मंगळसूत्रासारखी माळ बरी पडते. व्ही गळ्यापेक्षा बोट नेक बरा दिसतो. सुती स्कार्फ सैल बांधते, घट्ट पट्टी नाही, तिने खोकला येतो. सडपातळ मानेच्या कितीतरी बायकांचा कंठमणी तसाही दिसतो, आणि आमच्यातल्या कितीजणींना तो काढायचाच नाही. त्यांच्यावर कुणी दडपण आणू नये, आमच्यातल्यांनीही नाही.

सांगली-मिरजेतल्या कुणाला ओपीडीत किंवा पोलिसांत एकटीने जायचा धीर होत नसेल तर ओळखीतून निरोप द्या, मी सोबत येईन. सौद्याचे दिवस तेवढे सोडून सांगा, त्या दिवशी अडतीवरून सुटका नसते.