छतात स्पीकर आहेत, पण त्यांच्यासाठी चॅनेल नाहीत

पुण्यातील आमच्या नव्या सदनिकेचे इंटिरियरचे काम चालू असताना दिवाणखान्यात होम थिएटर बसवून घेण्याचे ठरले. त्या व्यवहारात आमची झालेली फसवणूक पीओपीच्या छताआड सहज लपणारी आहे, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे. ज्यांच्या घरी असे काम सध्या चालू आहे, त्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हे अवश्य वाचावे.

कोटेशन 5.1.2 रचनेचे होते, म्हणजे ऐकणाऱ्याच्या भोवती पाच स्पीकर, एक सबवूफर (खर्जातील आवाजाचा स्पीकर) आणि छतात दोन स्पीकर. डॉल्बी ॲटमॉस या ध्वनिपद्धतीच्या ध्वनिमुद्रणात आवाज कोठून यावा याची नोंद उंचीसकट केलेली असते आणि ती वाचून छतातील स्पीकरना कोणता आवाज द्यायचा, हे रिसीव्हर, म्हणजे सर्व स्पीकर ज्याला जोडतात ते ॲम्प्लिफायरसह मुख्य यंत्र, ठरवतो. त्यासाठी रिसीव्हरमध्ये ॲटमॉसचे डीकोडिंग, म्हणजे ती नोंद उलगडण्याची सोय, लागते आणि सबवूफर सोडून उरलेले सात स्पीकर स्वतंत्रपणे चालवायचे तर ॲम्प्लिफायरचे सात चॅनेलही लागतात. कोटेशनमध्ये अशाच सात चॅनेलच्या रिसीव्हरचा मॉडेल क्रमांक लिहिलेला होता आणि किंमतही त्याचीच लावली होती.

बसवला मात्र त्याच कंपनीचा, दर्शनी भाग जवळजवळ तसाच असलेला, पाच चॅनेलचा स्वस्त रिसीव्हर. तो टीव्हीखालच्या कपाटात अशा रीतीने ठेवला की मागची बाजू दिसू नये, आणि रिकामे खोके ‘घरात अडगळ नको’ म्हणून बसवणाऱ्यानेच उचलून नेले. छतातील दोन स्पीकरसाठी या रिसीव्हरला जोडणीच नव्हती. म्हणून त्यांच्या वायरी छताच्या आतच सराउंड स्पीकरच्या (भोवतीच्या पाचांपैकी डाव्या-उजव्या बाजूच्या दोन स्पीकरच्या) वायरींना समांतर जोडून टाकल्या होत्या. डावीकडच्या सराउंडला जे ऐकू येई तेच डावीकडच्या छतातून, आणि उजवीकडेही तसेच. डेमोसाठी हेलिकॉप्टर आणि पावसाची दृश्ये निवडली होती. डोक्यावरून आवाज येत होता हे खरे, आणि समोर बसलेल्या माणसाची खात्री पटवायला तेवढे पुरते.

बिंग फुटले ते रिसीव्हर तापू लागला म्हणून. आवाज थोडा मोठा ठेवला की काही वेळाने तो आपोआप बंद पडे, आणि बसवणारा प्रत्येक वेळी विजेच्या दाबाला दोष देई. शेवटी दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावले. त्यांनी रिसीव्हर बाहेर ओढून मागचे लेबल दाखवले, त्यावर स्पीकरचा भार (विजेला होणारा अडथळा) किमान 6 ओहम असावा असे छापलेले होते. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार 4 ओहमवर येतो, ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त प्रवाह वाहू लागतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. विजेच्या दाबाचा यात काहीही संबंध नव्हता.

त्याच वेळी वायरही तपासली. कोटेशनप्रमाणे ती शुद्ध तांब्याची हवी होती. टोकाची एक तार ब्लेडने खरवडताच आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले, तांब्याचा फक्त वरून मुलामा होता. अशा तारेची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश असते, आणि आता ती बदलायची तर छत फोडण्यावाचून मार्ग नाही. मला सर्वांत जास्त संताप या गोष्टीचा आला, कारण रिसीव्हर बदलता येतो, रंगवलेले छत मात्र पुन्हा फोडावे लागते.

ही लबाडी ओळखण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. रिसीव्हरच्या मागे प्रत्येक स्पीकरसाठी लाल आणि काळ्या टर्मिनलची एक जोडी असते. 5.1.2 रचनेत अशा सात जोड्यांना वायरी लागलेल्या दिसल्या पाहिजेत, कारण सबवूफरची केबल वेगळ्या ठिकाणी जोडतात. त्यानंतर रिसीव्हरच्या सेटिंगमधून टेस्ट टोन लावायला सांगावा. तो एका वेळी एकाच स्पीकरमधून वाजतो, त्यामुळे सराउंडची पाळी असताना छतातूनही खरखर ऐकू आली तर दोन्ही एकत्र जोडलेले आहेत हे तिथेच कळते. ‘मल्टी चॅनेल स्टिरिओ’ या मोडवर दिलेला डेमो तर मान्यच करू नये, कारण त्यात साधे गाणेही सगळ्या स्पीकरमधून वाजते. वायरचे टोक खरवडून पाहणे आणि छताआडच्या जोडण्यांचे फोटो काढणे ही कामे मात्र पीओपी बंद होण्याआधीच उरकली पाहिजेत.

आम्हाला मिळालेल्या पावतीवर ‘होम थिएटर सेट, 1 नग’ एवढेच लिहिले होते आणि पक्के बिल वारंवार मागूनही मिळाले नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणे आणि वस्तूच्या दर्जाबाबत किंवा मॉडेलबाबत खोटे सांगणे, या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथे तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही. आमच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा ठरतो आहे तो मॉडेल क्रमांक लिहिलेले मूळ कोटेशन आणि रिसीव्हरच्या मागच्या लेबलचा फोटो. हे दोन्ही, बँकेतून दिलेल्या रकमांच्या नोंदी आणि तंत्रज्ञाचा लेखी अहवाल तक्रारीसोबत जोडले आहेत. निकाल लागेपर्यंत छताला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे.