घराचे हप्ते थकलेत: मुदतवाढ, स्वतः विक्री, सेटलमेंट की डीआरटी?

हप्ते थकले की ‘फोरक्लोजर’ होऊन घर जातं, असं अनेकांना वाटतं. पण आपल्या बँकांत ‘फोरक्लोजर’ म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडून मोकळं होणं. घर हातचं जातं ते सरफेसीखाली, म्हणजे तारण ठेवलेलं घर ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या २००२च्या कायद्यानं, आणि त्यासाठी बँकेला कोर्टात दावाही लावावा लागत नाही. हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग या कायद्याच्या कलम १३(२)ची ६० दिवसांची नोटीस येते. सहकारी बँकाही यात येतात. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२०मध्ये तसा निकाल दिला. पतसंस्थेचं कर्ज असेल तर वाट वेगळी: तिथं सहकार कायद्याच्या कलम १०१खाली वसुली दाखला निघतो.

नोटिशीचं पाकीट न उघडता कपाटात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या भीतीत सगळ्यात मोलाचे दिवस जातात.

पगार चार-सहा महिन्यांत परत सुरू होणार असेल तर मुदतवाढ सगळ्यात बरी. हप्ता कमी होतो, एकूण व्याज वाढतं, पण घर राहतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि खातं एनपीए व्हायच्या आत द्या. नंतर शाखेच्या हातात फारसं काही उरत नाही. व्याजदर वाढल्यामुळे ओढाताण होत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या नियमाचा आधार घ्या: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे निवडण्याची मुभा बँकेनं द्यायला हवी.

उत्पन्न परत येणारच नसेल, तर घर स्वतः विका. हे लिहिताना जड जातं, पण हिशेब बघा. समजा, घराची किंमत ५० लाख आणि देणं ३० लाख. तुम्ही विकलंत तर गिऱ्हाईक तुम्ही शोधता, भाव तुम्ही ठरवता, आणि देणं फेडून २० लाख हातात उरतात. लिलावात राखीव किंमत बँक ठरवते, शिवाय खर्च तुमच्या नावावर पडतो. गिऱ्हाइकाचंही कर्ज असेल तर त्याची बँक थेट तुमच्या बँकेला पैसे देते. त्यासाठी फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल, हे सांगणारं बँकेचं पत्र), कागदपत्रांची यादी आणि सोसायटीची एनओसी लागते. एक अट मात्र विसरू नका. १३(२)ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. म्हणून नोटिशीआधी विकणं सोपं.

सेटलमेंटचा, म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून एकरकमी तडजोड (ओटीएस) करण्याचा, मोह अनेकांना होतो, पण घराची किंमत थकलेल्या देण्यापेक्षा जास्त असताना बँक सूट का देईल? बांधकाम रखडलेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर गोष्ट निराळी. ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२१मध्ये म्हटलं आहे. मिळालीच तरी क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’चा शेरा राहतो.

डीआरटीत, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जायचं ते बँकेची चूक दाखवता येत असेल तरच. नोटिशीला तुम्ही लेखी हरकत घेतली आणि १५ दिवसांत कारणांसह उत्तर आलं नाही, विक्रीची ३० दिवसांची सूचना मिळाली नाही, मूल्यांकन संशयास्पद आहे, जमीन शेतीची आहे, किंवा मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी देणं उरलं आहे: हे मुद्दे टिकतात. नोकरी गेली, आजारपण आलं, हे खरं दुःख असलं तरी त्यावर ताबा रद्द होत नाही. ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत अर्ज करावा लागतो. अर्जाआधी बँकेनं मागितलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरण्याची अट २००४मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली, म्हणून सामान्य माणसाला हे दार उघडं आहे. डीआरटीच्या निकालावरच्या अपिलात मात्र देण्याची निम्मी रक्कम भरावी लागते; ती फार तर २५ टक्क्यांपर्यंत खाली येते.

जिल्हाधिकाऱ्यांकडे धाव घेऊन ताबा थांबत नाही. कलम १४खाली ते बँकेला ताबा मिळवून देतात, वाद ऐकत नाहीत. सरकार थकलेला हप्ताही भरत नाही. २०२०चा मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत, कोविडपुरता होता. सरकारी मदत आहे ती अशी: महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील, लोकअदालतीत तडजोड, आणि बँकेनं ३० दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार. वसुलीवाले सकाळी ८च्या आधी किंवा संध्याकाळी ७नंतर फोन करत असतील तर तीही तक्रारच.

शेवटची तारीख डोक्यात पक्की ठेवा. लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंत सगळं देणं खर्चासह भरून घर सोडवता येतं. जाहिरात आली की तो हक्क संपतो. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं हे निःसंदिग्धपणे सांगितलं. त्यानंतरही लिलाव झाला आणि देणं वळतं करून पैसे उरले, तर ते तुमचे आहेत. बँकेकडून हिशेब लेखी मागून घ्या.