पहिली कविता: दिवाळी अंकाला पाठवावी की बैठकीत वाचावी?

वहीत कविता साठल्यात, कुणाला तरी दाखवाव्यात असं वाटतंय, पण धीर होत नाही. अशा माणसापुढे सहसा दोन वाटा असतात: दिवाळी अंकाला पाठवणं, नाहीतर गावातल्या वाचनालयात दरमहा भरणाऱ्या काव्यवाचनाच्या बैठकीत वाचणं. मी दोन्ही करून पाहिलंय. (संमेलनातला कविकट्टा यात धरलेला नाही. तिथली यादी इतकी लांब असते की आपली पाळी येईस्तोवर समोर उरतात ते आपल्यानंतरचे कवी.)

अंकाचा मान मोठा, यात वाद नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे वेड चालू आहे, आणि छापलेलं नाव घरात दाखवायला आजही याहून भारदस्त जागा नाही. बुजऱ्या माणसाला ते सोयीचंही पडतं. ईमेल केली की सुटलो. आवाज कापायचा प्रश्न नाही, कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको.

मला खटकली ती त्यानंतरची सामसूम. पूर्वी निदान ‘साभार परत’चं पाकीट तरी यायचं. आता बऱ्याच ठिकाणी पोच मिळत नाही, नकारही कळवत नाहीत. पावसाळ्यात पाठवलेल्या कवितेचं काय झालं ते दिवाळीच्या तोंडावर, स्टॉलवर उभं राहून अनुक्रमणिकेवरून बोट फिरवताना कळतं. तोवर ती अडकलेली. अप्रकाशित हवी, दुसरीकडे पाठवलेली नको, अशी अट असते. फेसबुकवर टाकलेली कविताही काही संपादक प्रकाशित धरतात. नकाराचं एवढं काही नाही हो, पण का नाकारली हे कळायला नको? बरं, छापून आली तरी तीच गत. माझी एक आली तेव्हा अभिनंदनं भरपूर झाली, कवितेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आत्याने मानधन किती मिळालं ते विचारलं.

बैठक म्हणजे काही स्वर्ग नव्हे. सहाची वेळ, सुरुवात पावणेसातला. एक गझलवाले काका हमखास असतात. ‘दोनच शेर’ म्हणून तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर गात, सुरू होतात आणि मक्त्याशिवाय, म्हणजे गझलेच्या शेवटच्या शेराशिवाय, थांबत नाहीत. शिवाय वाहवा इतकी सढळ की पहिल्या खेपेला ती खरीच वाटते.

तरीही तिथे काहीतरी हाती लागतं. आजीच्या जात्यावरची माझी एक कविता मी वाचली. शेवटच्या दोन ओळींत अर्थ समजावून सांगितला होता. तिथे पोचलो आणि माझाच आवाज पडला. वाहवा झाली. मग चहाच्या वेळी मागच्या बाकावरच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “पीठ सांडतं तिथेच संपली की रे ती.” घरी येऊन त्या ओळी खोडल्या. कुठल्या संपादकाने मला हे कळवलं असतं?

ही रीत नवी नाही. पुण्यात १९२३ साली जमलेलं कवींचं रविकिरण मंडळ एकमेकांना कविता ऐकवतच पुढे आलं. विंदा, बापट, पाडगावकर तर गावोगाव कविता वाचत हिंडले.

अर्थात ज्याला चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की घाम फुटतो, त्याला मी बैठकीचा आग्रह करणार नाही. त्याने खुशाल अंकाला पाठवावी. आणि जवळपास बैठकच भरत नसेल तर प्रश्नच मिटला. पण निवडायला वाव असेल तर आधी बैठक, असं आपलं मला वाटतं. अंकांसाठी साहित्य साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात, म्हणजे दिवाळी सरल्यावर सुरुवात केली तरी मध्ये सात-आठ बैठका मिळतात. तोंडी वाचल्याने कविता सहसा प्रकाशित धरत नाहीत. फक्त कुणी मोबाइलवर चित्रण करत असेल तर ते कुठे टाकू नका म्हणून आधीच सांगा. पहिल्या वेळी छोटीच कविता न्या, पाठ असली तरी कागद हातात ठेवा, आणि जमलं तर नंबर गझलवाल्या काकांच्या आधी लावून घ्या.