“आधी टर्बो बसवू, फ्यूलचं नंतर बघू” म्हणणाऱ्या ट्यूनरपासून सावध

गाडी फियाट लिनिया टी-जेट. रांजणगावची, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीचे आकडे ११४ पीएस आणि २०७ एनएम. मालकाला २०० पीएस हवे होते. पुण्यातल्या एका ट्यूनरने, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्याने, पावणेदोन लाखांवर पैसे घेतले आणि काही महिन्यांत तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली धातूची कडा) तुटली. ट्यूनरचं म्हणणं, पेट्रोल भेसळीचं होतं. वर्कशॉपचं नाव इथे देत नाही. आधी टर्बो, नंतर फ्यूल ही पद्धत पोलो आणि ऑक्टाव्हियावरही सर्रास चालते, त्यामुळे ती कशी चालते ते कळलेलं बरं.

सुरुवात गोड बोलण्याने होते. “सर, आधी टर्बो बसवून घेऊ, फरक लगेच जाणवेल. पंप-इंजेक्टर पुढच्या महिन्यात, तोवर जरा जपून चालवा.” हा क्रम ट्यूनरच्या सोयीचा असतो. टर्बोत कमिशन सगळ्यात जास्त, अ‍ॅडव्हान्स मोठा, आणि एकदा मोठा टर्बो बसला की गाडी नीट चालवण्यासाठी पुढचं सामान त्याच्याकडूनच, तो सांगेल त्या भावाने घ्यावं लागतं. गिऱ्हाईक अडकतं ते इथे.

आता हिशेब बघा. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात दर हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल लागतं. २०० ला झाले १२६० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी ३१५, पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचं. म्हणजे प्रत्येकी ३९४, सोयीसाठी ४०० सीसीचा इंजेक्टर. ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला ७-८ टक्के जास्त लागतं, तेव्हा ४३० धरून चाला. हे गणित कागदाच्या कपट्यावर होतं. ज्या ट्यूनरला ते पाच मिनिटांत मांडता येत नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

दुसरी गोष्ट बरेच जण सांगत नाहीत, काहींना माहीतच नसते. जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन नसलेल्या गाड्यांत रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग, टाकीतच असतो आणि दाब ठरलेला असतो, समजा ३.५ बार. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये १.२ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक २.३ बारच उरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे नेमकी जास्त पेट्रोलची गरज असते तेव्हा इंजेक्टर १९ टक्के कमी देतो. त्यासाठी बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि रिटर्न लाइन घालावी लागते, नाहीतर इंजेक्टर आणखी मोठा. पंपही ३.५ आणि १.२ मिळून ४.७ बारला किती देतो ते बघायचं. डब्यावरचा “२५५ लिटर” हा आकडा कमी दाबाचा असतो, आणि त्या पंपाच्या नकली बाजारात ढिगाने आहेत. त्यात जुन्या वायरिंगमुळे पंपाला १३.५ ऐवजी ११.५ व्होल्ट मिळत असतील तर असली पंपही नापास होतो. वेगळा रिले आणि जाड वायर हे किरकोळ खर्चाचं काम आहे, तेच टाळलं जातं.

या लिनियात काय झालं ते इंजिन दुसऱ्या वर्कशॉपात उघडल्यावर कळलं. टर्बो बसल्यावर गाडी चढावर ४००० च्या पुढे झटके मारायला लागली. मालकाने तक्रार केली तेव्हा ट्यूनरने “५५० सीसी इंजेक्टर” बिलात लावले. दुसऱ्या वर्कशॉपने ते टेस्ट बेंचवर लावून ३ बारला ३० सेकंद उघडे ठेवले. ५५० सीसीचे असते तर प्रत्येक नळीत २७५ मिली यायला हवं होतं. आलं १६८, १७१, १४९ आणि १७०. म्हणजे इंजेक्टर जेमतेम ३४० सीसीचे, साफ करून नवे ओ-रिंग घातलेले, आणि तिसरा बाकीच्यांपेक्षा १२ टक्के कमी. चौघांची बेरीज ३ बारला मिनिटाला १३१६ सीसी, २.३ बारला सुमारे ११५०. गरज १२६० ची, ई-२० वर १३५० ची. तिसरा सिलिंडर भुकेला राहिला, नॉकिंग (पेट्रोल आपोआप भडकून बसणारे ठोके) झालं, आणि टी-जेटचे कास्ट (ओतीव) पिस्टन असल्या नॉकिंगला रिंग लँडपाशीच हार खातात.

मग इंजिन लाइट का लागला नाही? रीमॅपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या (ईसीयू) बदललेल्या सेटिंगमध्ये, पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी (लीन) असल्याचा कोड, बंद केलेला होता आणि नॉक सेन्सरची संवेदनशीलता कमी केली होती. हा शुद्ध लबाडपणा. धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा कंपनीचा लॅम्बडा सेन्सर पूर्ण बूस्टला काही कामाचा नाही. त्याहून अचूक वाइडबँड सेन्सर लावला असता तरी तो चारही सिलिंडरच्या धुराची सरासरी दाखवतो, एकटा उपाशी सिलिंडर त्यात लपतो. म्हणून इंजेक्टर बसवण्याआधी बेंचवर मोजायचे. चौघांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर परत करायचे.

टर्बोचं म्हणाल तर तोही नवा नव्हता. बाहेरून सँडब्लास्ट करून चकचकीत, पण टर्बाइन हाउसिंगच्या आत वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर बाजूला सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापासून केसासारखी तड काजळीखाली दिसत होती. बोल्टांच्या डोक्यांवर पान्याचे जुने ओरखडे, आत स्वस्तातलं कार्ट्रिज (टर्बोचा मधला फिरता भाग), पाटीवर नंबरच नाही. घेताना हाउसिंगच्या आत टॉर्च मारा आणि शाफ्ट पुढे-मागे ओढून बघा. पुढे-मागे जाणवण्याइतकी हालचाल नको. आडवी किंचित हालचाल तेलाशिवाय असते, ती दोष नव्हे.

ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे डायनोच्या, कागदाला भुलू नका. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, तिथला हवेचा दाब कमी. तो “सुधारून” आकडा वाढवायचा पर्याय डायनोत असतो. टर्बो गाडीत ती कमी बऱ्याच अंशी टर्बोच भरून काढतो, त्यामुळे पूर्ण करेक्शन लावलं की आकडा फुगतो. वर चाकावरच्या ताकदीत ट्रान्समिशनचा अंदाज मिळवून देतात. मालकाला दिलेल्या ग्राफवर लॅम्बडाची रेषच नव्हती. ती नसलेला ग्राफ रद्दी समजा, आणि डायनोवर कुठलं पेट्रोल होतं तेही विचारा. १०० ऑक्टेनवर केलेला मॅप रोजच्या पंपावरच्या पेट्रोलवर चालवणं धोक्याचं.

खरा क्रम असा. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, बूस्टच्या पाइपांची गळती, कॉइल, प्लग. मग गाडी जशी आहे तशी लॉग करायची, म्हणजे चालताना सेन्सरचे आकडे नोंदवायचे. त्यानंतर पंप, वायरिंग, रेग्युलेटर, इंजेक्टर, आणि हे सगळं जुन्याच टर्बोवर. नव्या इंजेक्टरचं स्केलिंग (किती पेट्रोल देतो) आणि डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) ईसीयूत भरून थोडे दिवस रोजची धाव द्यायची. लाँग टर्म फ्यूल ट्रिम (ईसीयू स्वतःहून करत असलेली पेट्रोलची दुरुस्ती) उणे-अधिक ५ टक्क्यांत बसला की फ्यूलचं काम झालं. नीट मॅप केलेला मोठा इंजेक्टर छोट्या टर्बोवर काही बिघडवत नाही, उलटं केलं की इंजिन जातं. क्लच, इंटरकूलर आणि वाइडबँडही टर्बोच्या आधी. टर्बो बसवताना तेलाची फीड लाइन नवीनच घ्या, जुनीतला कार्बन नवा बेअरिंग खातो. बूस्ट ०.६-०.७ बारपासून टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला लॉग. ६००० आरपीएमला एक चक्र २० मिलिसेकंदांचं असतं, इंजेक्टर १६ च्या वर उघडा दिसला तर तिथेच थांबा. पूर्ण जोरात लॅम्बडा ०.७८ ते ०.८२ हवा (१ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त).

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. जीएसटी बिलावर प्रत्येक सामानाचा पार्ट नंबर लिहून घ्या, नुसतं “स्टेज २ किट” असलं तर सही करू नका. जुनं सामान सगळं परत मागा, मूळ ईसीयू फाइलची प्रतही. मॅपमध्ये कुठले कोड बंद केले त्याची यादी लेखी मागा. इथेच बहुतेक जण टाळाटाळ करायला लागतात.

फसलात तर ट्यूनर आणखी एक भीती घालतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल चालत नाही, तक्रार केली तर तुम्हीच अडकाल. बदलाचा प्रश्न खरा आहे, विम्यालाही तो बाधतो, आणि तो काम सुरू करण्याआधीच विचारात घ्यायचा. पण जुने इंजेक्टर नवे म्हणून विकणं ही वेगळी बाब आहे. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण बेंचचा छापील अहवाल, बिल आणि ते चार इंजेक्टर हाताशी पाहिजेत. लिनियाच्या मालकाने टर्बो “तपासायला” त्याच ट्यूनरकडे परत दिला आणि तो पुन्हा हाती लागला नाही. इंजेक्टर मात्र मालकाकडेच आहेत.