आधी कुठली घ्यावी: ‘द टेन्टेड कप’ की ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’?

इंग्रजीतली नवी फॅन्टसी वाचायची असेल, तर माझ्या मते सध्या दोन कादंबऱ्या आधी विचारात घ्याव्यात. रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची ‘द टेन्टेड कप’ (२०२४) आणि श्रीलंकेचे वज्र चंद्रसेकेरा यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३). विज्ञानकथा-फॅन्टसीतल्या दोन मोठ्या पुरस्कारांपैकी पहिलीला २०२५ चा ह्यूगो मिळाला, दुसरीला त्याच्या आदल्या वर्षी नेब्युला. ह्यूगोसाठी वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य मतं देतात, त्यांत वाचकांचाच भरणा. नेब्युला मात्र लेखकांची संघटना देते. या दोन पुस्तकांच्या बाबतीत तो फरक पानापानावर जाणवतो.

‘द टेन्टेड कप’ ही सरळसरळ खुनाची रहस्यकथा आहे. एका कल्पित साम्राज्यात, धनाढ्य घराण्याच्या हवेलीत उतरलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या अंगातून झाड उगवतं आणि छत फोडून वर जातं. तपासाला येतो डिन नावाचा तरुण सहायक. त्याची स्मरणशक्ती साम्राज्याने बदलून दिलेली आहे. एकदा पाहिलेलं तो विसरत नाही. ते नंतर आठवायला सोपं जावं म्हणून तो खिशातल्या कुप्यांमधले वास घेतो, प्रत्येक प्रसंगाला एक वास जोडून ठेवतो. हाच मुलगा अक्षरं वाचताना अडखळतो आणि ते सगळ्यांपासून लपवतो. त्याची वरिष्ठ अ‍ॅना डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसते आणि त्याने आणलेल्या तपशिलांवरून गुन्हा उलगडते. होम्स-वॉटसनची जोडी आवडणाऱ्याला हे लगेच आपलंसं वाटेल. दर पावसाळ्यात समुद्रातून महाकाय प्राणी येऊन तटबंदीवर धडकतात, आणि ती तटबंदी टिकवण्यावर सारं साम्राज्य उभं आहे. खुनाचा धागा तिथपर्यंत जातो. पुरावे वाचकासमोर मांडलेले असतात, फसवणूक नाही. पहिली पन्नासेक पानं नव्या संज्ञांची गर्दी होते खरी, पण प्रकरणं वेगाने पुढे सरकतात आणि डिन स्वतःच गोष्ट सांगत असल्यामुळे वाट चुकत नाही. माझी तक्रार एकच: शेवटी सगळं फार नीटनेटकं जुळतं.

दुसरी कादंबरी इतकी सोपी नाही. फेटर जन्मतो त्याच क्षणी त्याची आई पितळेचा मोठा खिळा ठोकून त्याची सावली जमिनीला जखडते आणि त्याच्यापासून फाडून वेगळी करते. मग ती त्याला एकाच कामासाठी वाढवते: त्याच्या बापाला, एका महान धर्मगुरूला, मारण्यासाठी. फेटर मोठा होतो, हे सारं मागे टाकून लुरियात या महानगरात येतो आणि निवड न झालेल्या ‘तारणहारां’च्या आधारगटात जाऊन बसतो. शहरभर कधीही न उघडणारी दारं आहेत, त्यांतून गार वारा येतो. देव येणार असल्याची चाहूल फालतू ईमेलमधून लागते. आणि या सगळ्याला लागूनच संचारबंदी, रोगाची साथ, वंश आणि जातीची किचकट वर्गवारी, दंगली. हे सगळं आपल्याला परकं नाही.

बाप घर सोडून गेला, धर्मसंस्थापक झाला, मुलगा मागे राहिला. राहुल-यशोधरेची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला हा सांगाडा ओळखू येतोच. इथे मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे बुद्ध १९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेबांसोबत नव्याने आला, माणूसपण परत देणारा म्हणून. श्रीलंकेत बौद्ध धर्म बहुसंख्याकांचा आहे, राज्यघटनेने त्याला अग्रस्थान दिलेलं आहे, आणि १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांचं जे शिरकाण झालं त्याची आठवण तिथे अजून ताजी आहे. चंद्रसेकेरांचा राग धर्म आणि सत्ता एक झाल्यावर माणसांचं काय होतं यावर आहे. हे ध्यानात घेऊन वाचलं तर पुस्तक दुखावत नाही, विचार करायला लावतं. आपल्याच शेजारचा लेखक आपल्याच कथांना हात घालून इतकं धीट लिहितो, याचा मला मनापासून आनंद आहे.

अडचणीही सांगतो. वाक्यं लांब आणि दाट आहेत. मधला तुरुंग आणि छावण्यांचा भाग संपता संपत नाही, कथानक जणू थबकतं. मला तो भाग पुस्तकाचा कणा वाटतो, पण अनेक वाचक तिथेच सोडतील हेही कळतं. गोष्ट नेमकं कोण सांगतंय, हे फार उशिरा उमगतं. त्यामुळे आधी परीक्षणं धुंडाळू नका.

बऱ्याच दिवसांनी फॅन्टसीकडे वळत असाल, प्रवासात वाचायला हवं असेल किंवा कॉलेजच्या मुलाला भेट द्यायची असेल, तर बेनेट घ्या. ती मालिकेतली पहिली आहे, दुसरी ‘अ ड्रॉप ऑफ करप्शन’ २०२५ मध्ये आली. पण पहिलीतल्या खुनाचा उलगडा पहिलीतच होतो, त्यामुळे अडकल्यासारखं होत नाही. यंदा एकच पुस्तक वाचणार असाल आणि त्याला सलग वेळ देता येत असेल, तर माझं मत चंद्रसेकेरांना. ही स्वतंत्र कादंबरी आहे, पुढच्या भागाची वाट पाहावी लागत नाही. बसमध्ये दहा-दहा मिनिटं काढून मात्र ती वाचू नका, धागा सुटेल.