दोन दिवसांचं ईआयए वर्कशॉप, सांगली: शिकवणं झकास, नकाशा अर्धा

आधीच सांगतो, मी काही पर्यावरणवाला नाही. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) घेऊन रस्त्याकडेनं फिरणारा सर्व्हेवाला माणूस, विश्रामबागेत छोटं ऑफिस, मोजणी करून द्यायची आणि मग बिलासाठी हेलपाटे घालायचे हा आपला धंदा. पण हल्ली कन्सल्टंट लोकं पहिलंच विचारतात की ईआयएमधलं, म्हणजे प्रकल्पाचे पर्यावरणावर काय परिणाम होतील त्याच्या अभ्यासातलं, काय कळतं का, म्हणून हे वर्कशॉप केलं. विषय होता राज्याच्या नाहीतर देशाच्या हद्दी ओलांडणारे रस्ते-रेल्वे आणि त्यांचे पर्यावरणावरचे परिणाम. फी २,८०० रुपये, जेवणासकट. आयोजकांचं नाव मुद्दाम घेत नाही, गाव लहान आहे, उद्या कामासाठी परत त्यांच्याच दारात जावं लागतं.

पहिला दिवस पैसा वसूल. शिकवायला एक रिटायर्ड मॅडम होत्या, पीपीटी जेमतेम वीस स्लाइडची पण बोलायला लागल्या की मोबाईल खिशातच राहायचा. त्यांनी सुरुवातच डेन्मार्क-स्वीडनच्या ओरेसुंद पुलापासून केली, २००० साली सुरू झालेला, एकूण साधारण १६ किलोमीटर, त्यात थोडा पूल, थोडा बोगदा आणि मधे चक्क माणसानं केलेलं बेट. बोगदा का तर कोपनहेगनचं विमानतळ शेजारीच, उंच खांब विमानांच्या वाटेत आले असते. पण मला भारी वाटली ती पाण्याची गोष्ट. बाल्टिक समुद्राला खारं पाणी मिळतं ते याच असल्या दोन-तीन चिंचोळ्या वाटांनी, तिथं खांब आणि बेट टाकलं की पाणी अडणार आणि त्याचा त्रास पूल न बांधणाऱ्या देशांनासुद्धा होणार. म्हणून अटच घातली की पूल झाल्यावर आत जाणारं पाणी पहिल्याइतकंच राहिलं पाहिजे, आणि खांबांनी जेवढं अडेल तेवढ्यासाठी समुद्राचा तळ उकरून वाट मोठी करून दिली. आपल्याकडं मोरी किती मीटरची टाकायची यावरनं वर्ष वर्ष भांडणं चालतात, तिथं हे ऐकून गप्पच झालो.

मग एस्पो करार. १९९१ चा, फिनलंडमधल्या एस्पो गावात झाला म्हणून ते नाव, लागू झाला १९९७ ला. आपण त्यात नाही, पण समजून घ्यायसारखा आहे. मोटरवे, लांब पल्ल्याची रेल्वे, २,१०० मीटर किंवा जास्त धावपट्टीचं विमानतळ, असलं काही बांधायचं आणि त्याचा मोठा त्रास शेजारच्या देशाला होणार असेल तर आधी त्याला कळवायचं, आणि तिथल्या लोकांना म्हणणं मांडायची संधी आपल्या लोकांइतकीच द्यायची. मॅडमनी हे वाक्य दोनदा वाचलं. डेन्मार्क-जर्मनीमधल्या फेमार्नबेल्ट बोगद्याला नुसत्या जर्मनीच्या बाजूनं १२ हजारांवर हरकती आल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागायला २०२० उजाडलं. कोण म्हणेल कामाला खीळ बसली, बसलीच की, पण ऐकून तरी घेतलं.

जेवण ठीक. आमटी चांगली होती, भात गार. चार वाजता चहाबरोबर भडंग दिलं, ते मात्र एक नंबर, सांगलीत भडंग चुकलं तर काय उरलं म्हणा. टेबलावर सगळी चर्चा शक्तिपीठ महामार्गाची, पवनारहून निघून गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला जाणारा रस्ता, मूळ आखणीत १२ जिल्हे, त्यात आपला पण आहे, त्यामुळं अर्धी मंडळी वर्कशॉपला कशासाठी आली होती ते वेगळं सांगायला नको.

घोळ झाला दुसऱ्या दिवशी. आता शिकवायला दुसरे सर, त्यांनी केंद्राची २००६ ची ईआयए अधिसूचना वाचूनच दाखवली, सरळ वाचून, खाली मान घालून. त्यात मुद्दे कामाचे होते, पण ते खोदून काढावे लागले. बी कॅटेगरीतला, म्हणजे एरवी राज्यातच तपासला जाणारा प्रकल्प राज्याच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत असला तर तो दिल्लीत तपासला जातो, पूर्वी हेच अंतर १० होतं, २०१४ ला कमी केलं. रेल्वे तर पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीतच नाही, म्हणजे मिरजेहून गाडी विजयनगर सोडून शेडबाळला कर्नाटकात शिरते त्या लाईनीला ही मंजुरी लागतच नाही. आणि हवा-पाणी-आवाजाची बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीची स्थिती, मोजायची ती पावसाळा सोडून एका सीझनची. हे ऐकल्यावर हॉलमधे हसू फुटलं. सांगलीत २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि मोजणी करायची कोरड्यात!

मग ग्रुप एक्सरसाइज. कृष्णेच्या पूरपट्ट्यातनं जाणारा एक काल्पनिक रस्ता, त्याचे परिणाम लिहा. टेबलावर ए-झिरो साइजचा रंगीत नकाशा पसरला, प्रिंट एकदम कडक, निळी रेषा लाल रेषा सगळं दाखवलेलं. आमच्या ग्रुपमधे हद्दीच्या अलीकडच्या म्हैसाळचे एक काका होते, ऊसवाले, मुलानं फी भरून पाठवलेले. बराच वेळ चष्मा वर-खाली करत बघत बसले आणि मग उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं काहीच नव्हतं. राज्याची हद्द संपली तिथं नकाशा संपलेला, पुढं कर्नाटकातल्या कागवाडकडं नुसता पांढरा कागद.

"सर, भराव हितं टाकला तर?"

सर म्हणाले तो आपला स्टडी एरिया नाही.

"न्हाई कसा, पाण्याचा फुगवटा माझ्याच उसात येतोय की. हरकत मग कुणाकडं द्यायची, बेळगावला?"

सरांनी जनसुनावणीचा नियम काढला. प्रकल्प एकापेक्षा जास्त राज्यांत पसरला असेल तर प्रत्येक राज्यात सुनावणी. काका म्हणाले, रस्ता सगळा त्यांच्यातच हाय, पाणी तेवढं माझ्याकडं. आता पाणी वाहतं खाली आणि फुगतं मागं, हे काकांना पाठ, आणि सर अधिसूचनेची पानं उलटायला लागले. मॅडम असत्या तर तिथंच ओरेसुंदची आठवण काढून अर्धा तास बोलल्या असत्या. दोन दिवस शिकलो त्याचा सगळा अर्क त्या कोपऱ्यात होता आणि वर्कशॉपनं तो कोरा सोडला. यासाठी दीड स्टार कापला, म्हणजे ५ पैकी साडेतीन. मॅडम दोन्ही दिवस असत्या तर साडेचार दिले असते.

कुणी पुढच्या बॅचला जाणार असाल तर गाडी लवकर लावा, हॉलसमोर चारच गाड्या बसतात. सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर आलं, आडनावातला रफार गायब. ते दुरुस्त करून मागितलं आणि त्याबरोबर हद्दीपलीकडचा भाग असलेला नकाशापण मागितला. सर्टिफिकेट दुसऱ्या दिवशी नीट होऊन आलं. नकाशाची फाईल पण आली, उघडून बघितली तर तीच, कोपरा पांढरा.