हब चांगला, सर्व्हिस अर्धवट : 3 स्टार

आमचं गंगापूर रोडला छोटं सीएचं ऑफिस आहे, सहा पीसी, टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा एकाच मशीनवर. मागच्या महिन्यात कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून 8 पोर्टचा हब (सगळे पीसी वायरीने एकमेकांना जोडणारा डबा) बसवून घेतला, म्हणजे बोलायला हब, बॉक्समध्ये असतो तो स्विचच, म्हणजे ज्याचा डेटा त्याच पोर्टला पाठवणारा, खरे हब आता मिळतात कुठे. जुन्या हबला एका पोर्टवर आलेलं सगळ्या पोर्टांना जायचं, दोघांनी एकदम काम काढलं की टॅली रडायची. पोरगा आला, तासाभरात बसवून गेला, लाईटी हिरव्या, आम्ही खुश.

दुसऱ्या दिवशी सगळं ठप्प! सगळ्या लाईटी एकदम पिसाटल्यासारख्या लुकलुकतायत, पिंगसुद्धा (लाईन चालू आहे का बघायचा छोटा मेसेज) जाईना. दुकानात फोन केला तर म्हणे राऊटर बदला. शेवटी मीच टेबलाखाली घुसलो, एकेक वायर काढत गेलो तर एका वायरची दोन्ही टोकं त्याच हबमध्ये, म्हणजे लूप, डेटा नुसता गोल गोल फिरतोय. त्या पोराने एक टोक लोंबत सोडलेलं आणि झाडणाऱ्या मावशींनी बिचाऱ्यांनी ते नीट खोचून ठेवलेलं, त्यांना काय बोलणार!

माल चांगलाय, कॅट सिक्सची (नेटवर्कची) वायर पण पट्टीतून नीट नेलीय. पण वायरींना लेबल नाही. घेतलात तर समोर उभं राहून लावून घ्या.